लेबलं अनेक, अर्क एकच

बाटल्यांवरची लेबलं वेगळी आणि आतला अर्क मात्र एकच, असं निघालं तर मी डॉक्टर म्हणून त्याला निवड म्हणणार नाही. ब्राउझरांचं आज तेच झालं आहे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावं चार. पण आत गूगलचं क्रोमियम. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने एजचं २०२० मध्ये. (ब्रेव्ह जाहिराती अडवतो, तेवढं मला आवडतं.) वेगळे उरले ते मुख्यतः सफारी आणि फायरफॉक्स.

यात मराठीचं काय, असं तुम्ही विचाराल. आठवून पाहा. युनिकोड रुळण्यापूर्वी कित्येक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा फॉण्ट असे, आणि बऱ्याचदा तो आपोआप उतरे फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तीच पानं आधार होती. दुसऱ्या ब्राउझरात तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. विंडोज १० वरचा एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. तेव्हा जपून ठेवलेलं असं पान आज उघडलंत, तर तीच खिचडी समोर येते.

म्हणून क्रोम असू द्या, पण शेजारी फायरफॉक्सही ठेवा. तो मराठीतही मिळतो आणि फुकट मिळतो. आपल्या मंडळाचं संकेतस्थळ दोन्हींत उघडून पाहा. एकात बिघडलेलं दिसलं, तर बनवणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.