मोरचूद, जस्त आणि एक प्रश्न

(वार्षिक संमेलनात, नाशिक येथे केलेले भाषण)



विद्युत् अभियांत्रिकीचा प्राध्यापक तिच्या इतिहासाच्या नादी कसा लागला, हे सांगावे अशी चिटणिसांची आज्ञा आहे. त्याचे मूळ माझ्या एका चुकीत आहे.

रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांचे नाव नाशकातील जुन्या मंडळींना परिचित आहे. १८९१ साली पुण्यास एल्. सी. ई. झालेल्या या अभियंत्याने संस्कृत शिल्पग्रंथांच्या अभ्यासास स्वतःस वाहून घेतले. अगस्त्यसंहितेतील विद्युत्-घटाचे श्लोक त्यांनीच उजेडात आणले, असे सांगितले जाते. मातीचे भांडे, तांब्याचा पत्रा, मोरचूद, ओला भुसा आणि वर पारा लावलेले जस्त. ही कृती मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. एके वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ही पोथी कोणत्या काळची?" मी निरुत्तर झालो.

मग शोध आरंभिला. असा घट मांडल्यास सुमारे एक व्होल्ट दाब मिळतो, हे खरेच. परंतु तांबे, मोरचूद व जस्त यांची हीच जोडणी डॅनियल याने १८३६ साली केली. जस्तास पारा लावण्याची युक्तीही त्याच सुमारास रूढ झाली. अशुद्ध जस्त आम्लात उगाच झिजत राहते, ते पाऱ्याने थांबते. आणि ही अडचण घट पुष्कळ दिवस वापरल्यावाचून ध्यानी यावयाची नाही. तेव्हा हे श्लोक अर्वाचीन असावेत, असे माझे मत झाले. ते बोलून दाखविताच काही आप्तांनी माझ्याशी बोलणे टाकले. त्याचे दुःख आजही आहे.

मात्र जस्ताच्याच मागाने मी उदयपूरजवळील जावरला पोहोचलो. जस्त भट्टीतून वाफ होऊनच बाहेर पडते आणि हवा लागताच जळते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशा भट्टीत उलट्या लावल्या आणि वाफ नळीने खाली उतरवून थंड केली. निदान चौदाव्या शतकात तेथे हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होते. इंग्लंडात चँपियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाची सनद घेतली ती १७३८ साली. या मुशांचे ढीग तेथे आजही पाहावयास मिळतात. पोथीची तिथी विचारावी लागत नाही.

रावसाहेबांच्या परिश्रमांविषयीचा माझा आदर यत्किंचितही उणावलेला नाही. त्या विद्यार्थ्यास मी पत्राने उत्तर धाडले, तेव्हा त्यास नोकरीस लागून नऊ वर्षे झाली होती.