भरपाई ही भीक नव्हे
(कारखान्यात जायबंदी झालेल्या कामगारांचे कायदेशीर हक्क या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सभा भरवून सरकारपुढे पाच मागण्या ठेवल्या. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या आजही लोकांच्या स्मरणात आहेत. शेवटच्या मागणीचा मात्र समाजाला विसर पडलेला दिसतो. काम करताना जबर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. तिला कायद्याचे रूप येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परंतु मूळ तत्त्वे तीच राहिली आहेत.

एवढा जुना हक्क असूनही बोटे गमावलेला कामगार दोन-चार हजार रुपये हाती घेऊन मुकाट्याने घरी बसतो, हे आपण आपल्या पेठांतून व गावांतून पाहतो. हे का घडते? कायदा नाही म्हणून नव्हे. अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, घर घाबरलेले असताना आणि कामगार इस्पितळात पडून असताना, त्याचा हक्क गप्प बसण्याने व एखाद्या कागदावरील अंगठ्याने बुडतो. आजच्या व्याख्यानात आम्हांला हीच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "चूक माझीच होती, मग मालकाकडे कोणत्या तोंडाने मागू?" असे कामगार स्वतःच म्हणतो. या कायद्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. अपघात कामातून आणि काम चालू असताना घडला, इतके दाखविले की पुरे. कामगार दारू प्यालेला होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्रावरील संरक्षक साधन मुद्दाम काढून ठेवले, हे मालकाने सिद्ध केले तरच भरपाई नाकारता येते. आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर ही सबबही चालत नाही. दिवसभराच्या श्रमाने डोळ्यांवर झापड येऊन हात यंत्रात गेला, तर त्यास कायदा गुन्हा मानीत नाही.

आता मार्ग कोणते, ते पाहू. मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे आपण ज्यास ईएसआय म्हणतो त्याचा. ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ती लागू होते आणि २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये ठरलेली आहे. ज्याच्या पगारातून ही वर्गणी कापली जाते, त्यास कामावरील इजेबद्दल औषधोपचार मिळतो; बरा होईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते; कायमचे अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतनासारखा मासिक लाभ मिळतो; मृत्यू झाल्यास आश्रितांना मिळतो. आजारपणाच्या लाभासाठी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरील इजेला ती अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क उभा राहतो. म्हणून आपला विमा क्रमांक प्रत्येकाने घरी लिहून ठेवावा, आणि वर्गणी कापूनही नोंद झालेली नसेल तर ती तक्रार अपघाताची वाट न पाहता आजच करावी.

ज्यास ईएसआय लागू नाही, त्याच्यासाठी दुसरा मार्ग मालकाकडून थेट भरपाईचा. साखर कारखान्यांसारखे हंगामी कारखाने विम्याच्या कक्षेबाहेर असतात, लहान कारखान्यांत दहा माणसे नसतात. तेथील कामगारांना हाच आधार. एकाच इजेबद्दल विमा आणि मालक अशा दोन्हीकडून भरपाई मागता येत नाही. तसेच निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावण्याचा तिसरा मार्ग असला, तरी तो आणि ही भरपाई यांतून एकच निवडावा लागतो. दिवाणी दाव्यात मालकाचा दोष शाबीत करावा लागतो व वर्षेही पुष्कळ जातात. म्हणून सामान्य कामगाराला भरपाईचाच मार्ग जवळचा होय.

भरपाईचा आकडा मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसून हिशेबाने ठरतो, हे प्रत्येकाने नीट ध्यानात घ्यावे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना, आणि मृत्यू झाल्यास ५० टक्क्यांना, वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. तीस वर्षे वयाच्या कामगारास हा गुणक २०७.९८ आहे. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा २०२० साली १५,००० रुपये करण्यात आली. त्या मर्यादेवर संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये होते, आणि मृत्यूची १५,५९,८५०. एखादा अवयव गेला तर कमाईची शक्ती किती टक्के घटली याचे कोष्टक कायद्यालाच जोडलेले आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, एक डोळा गेल्यास ४० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. म्हणजे प्रेसमध्ये अंगठा गमावलेल्या या तीस वर्षांच्या कामगाराची भरपाई ५,६१,५४६ रुपये झाली. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च त्याहून वेगळा. आता ही रक्कम आणि ठेकेदाराने पाकिटात घालून दिलेल्या नोटा शेजारी शेजारी ठेवून पाहा!

हे कोष्टकही शेवटचा शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयापुढे १९७५ साली एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे त्याचे नुकसान अंशतः ठरत होते. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की एका हाताने सुतारकाम होते काय? होत नसेल, तर या माणसाची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली, असा निर्णय झाला. त्याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले की, भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यावर केवळ टक्के लिहून घेऊन थांबू नये. हा मनुष्य कोणते काम करीत होता आणि ते त्यास आता करता येईल काय, हे अर्जात स्पष्ट मांडले गेले पाहिजे.

अपघात म्हणजे केवळ रक्त सांडणे, असेही नव्हे. आमच्या बेळगावच्या फाउंड्र्यांतून वाळूच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या फुप्फुसांत ती धूळ बसते व दम कोंडू लागतो. सिलिकोसिस हा रोग कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे आणि त्याबद्दलही भरपाई मागता येते. अशा रुग्णाला क्षयाच्या गोळ्या देऊन घरी पाठविले जात असेल, तर "तू काय काम करीत होतास?" हा प्रश्न आपण विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर डॉक्टरांच्या कागदावर उतरविले पाहिजे.

"तो आमचा माणूसच नव्हे, ठेकेदाराचा आहे," हे उत्तर कारखान्याच्या फाटकावर नेहमी ऐकू येते. कायद्याला ते मान्य नाही. कारखान्याच्या नेहमीच्या धंद्यातील काम ठेकेदारामार्फत करवून घेतले असेल, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार पळाला म्हणून हक्क पळत नाही.

आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. बेळगाव तालुक्यातील तरुण चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जातो, निपाणीचा कागलकडे जातो, खानापूरचा गोव्यात जातो. अपघात एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात. जायबंदी माणसाने प्रत्येक तारखेला तेथवर कसे जावे, या विचारानेच अनेकजण दावा सोडून देतात. परंतु १९९५ सालच्या दुरुस्तीपासून कायद्याने अशी सोय केली आहे की, अपघात जेथे घडला तेथे, कामगार किंवा त्याचे आश्रित जेथे राहतात तेथे, अथवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जेथे आहे तेथे, यांपैकी कोठेही दावा दाखल करता येतो. अपघातस्थळाच्या अधिकाऱ्यास सूचना द्यावी लागते, एवढेच. राज्याची वेस या हक्काच्या आड येत नाही. नवरा परमुलखात दगावला, तरी त्याची विधवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागू शकते.

आता त्या कागदाविषयी. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल ठरविला आहे. तडजोड झालीच, तर तिची नोंद सक्षम अधिकाऱ्याकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी असेल किंवा फसवणूक झाली असेल तर तो नोंद नाकारू शकतो. मृत्यूच्या प्रकरणी तर रक्कम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर वाटलेल्या पैशाला कायदा भरपाई समजत नाही. असे असले तरी सही केलेला कागद पुढे पुराव्यात अडथळा बनतोच. तो कन्नडमध्ये असो, इंग्रजीत असो की मराठीत असो, विश्वासाच्या माणसाकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नये. आणि कोऱ्या कागदावर तर प्राण गेला तरी करू नये.

भांडणाची वाट लांबची आहे, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची गोष्ट ऐका. २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी तो मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असता अपघातात दगावला. मागे पत्नी, चार मुले व आई. उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. वाटेतला मृत्यू हा कामावरचा नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला. बावीस वर्षे! परंतु त्या माउलीने दावा सोडला नाही, म्हणून कामावर जातायेतानाच्या अपघातांना संरक्षण देणारा निकाल देशातील सर्व कामगारांच्या पदरी पडला. नव्या संहितेतही, वेळ, स्थळ व काम यांचा संबंध दिसत असल्यास, ही तरतूद आता स्पष्ट शब्दांत आली आहे.

मग अपघात होताच काय करावे? इस्पितळात नोंद करताना "कारखान्यात, यंत्रावर काम करताना" हे शब्द लिहवून घ्यावेत. "घरी जिन्यावरून पडला" अशी नोंद झाली की निम्मा दावा तेथेच मेला म्हणून समजा. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली की नाही, याची खात्री करावी. साक्षीदारांची नावे, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा पुरावा, यंत्राचे छायाचित्र जमवावे. मालकाला लेखी सूचना शक्य तितक्या लवकर, पोच देणाऱ्या टपालाने पाठवावी. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत मिळाली नाही तर १२ टक्के व्याज मागता येते, आणि विनाकारण टाळाटाळ झाली असेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती आणि सबळ कारण असल्यास उशीर माफही होई. परंतु माफीच्या भरवशावर झोपणे शहाणपणाचे नव्हे. वकिलाच्या खर्चाने कोणी डगमगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला असून, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज केला की पुरे.

शेवटी एकच विनंती. हे सारे जायबंदी माणसाने एकट्याने करावयाचे नसते. त्याचा तर हातच गेलेला असतो. गणपतीच्या वर्गणीसाठी घरोघर फिरणारी आमची मंडळे प्रत्येक पेठेत आहेत. त्या प्रत्येक मंडळाने दोन लिहितीवाचती माणसे या कामाला नेमावीत. अपघाताची बातमी येताच त्यांनी इस्पितळ गाठावे, नोंद तपासावी, सूचनेचा कागद लिहावा आणि घरच्या माणसांना सांगावे की, थांबा, आज कशावरही सही करू नका. १८८४ साली गिरणी कामगारांनी मागितलेली तजवीज कायद्याने केलेली आहे. ती जखमी कामगाराच्या घरापर्यंत पोचविणे हे आपले काम आहे. भरपाई ही कोणाची मेहेरबानी नाही. ती गेलेल्या हाताची किंमत नव्हे, कारण त्याची किंमत होऊ शकत नाही. परंतु त्या हातावर जगणाऱ्या घराच्या भाकरीचा तो हक्क आहे, आणि तो आपण सोडता कामा नये.