जुन्या चांदीची पारख

सराफाच्या तराजूंत चांदीचा एकच गुण उमटतो, आणि तो म्हणजे तिचें वजन. घरांत वांटण्या होतात, किंवा मोठ्या वाड्यांतून लहान बिऱ्हाडांत जाण्याची वेळ येते, तेव्हां फडताळांतील जुनीं चांदीचीं भांडीं त्या तराजूंत जाऊन पडतात. मोडीचा भाव ठरतो, रोकड हातीं येते आणि नक्षीदार चहादाणीची मुशींत लगड होते. कारागिराची घडणावळ त्या हिशेबांत शून्य धरलेली असते. चांदी बाजारांत केव्हांही मिळते. गेलेलें भांडें मात्र परत येत नाहीं. म्हणून मोडीस काढण्यापूर्वीं अशा भांड्याची पारख गृहस्थानें स्वतः करणें अगत्याचें आहे.

प्रथम भांडें उपडें करून त्याचा तळ पाहावा. विलायती चांदीवर बहुधा लहान लहान छापांची ओळ आढळते. इंग्लंडांत १३०० सालच्या कायद्यानें १००० भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हें प्रमाण ठरलें, आणि १५४४ पासून चालत्या सिंहाची छाप पडूं लागली. त्या सिंहाशेजारीं गांवाची खूण असते : लंडनचें बिबट्याचें मुख, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट. १९७५ पासून शेफील्डच्या मुकुटाची जागा गुलाबानें घेतली आहे. एका अक्षरावरून वर्ष कळतें. राजाचें किंवा राणीचें मस्तक उमटलेलें असेल, तर १७८४ ते १८९० या काळांतील जकात भरल्याची ती खूण होय.

याउलट ‘ई. पी. एन. एस.’ हीं अक्षरें असतील, तर तो निकेलमिश्रित धातूवर विजेनें चढविलेला चांदीचा मुलामा समजावा. एल्किंग्टन यांनीं १८४० मध्यें या कृतीचें पेटंट घेतलें. नुसत्या जर्मन सिल्व्हरमध्यें तर तांबें, निकेल व जस्त असतें. चांदीचा अंशही नसतो. त्यापूर्वींच्या शेफील्ड पत्र्यांत तांब्यावर चांदीचा पातळ थर जोडलेला असे. कडा झिजल्या कीं आंतील तांबूस छटा डोकावते. तरीही जुना शेफील्ड पत्रा टाकाऊ नव्हे. संग्राहक तो आवडीनें घेतात, आणि त्याची किंमत धातूंत नसून घडणींत असते.

हिंदुस्थानी चांदीची गोष्ट निराळी आहे. इंग्रजी अमदानींत येथें चांदीवर कस उमटविण्याची सक्ती नव्हती. त्यामुळें छाप नसलेलें भांडेंही उत्तम चांदीचें असूं शकतें. आणि नामांकित कारागिराची छाप मागाहून ठोकणें अवघड नसल्यानें केवळ छापेवर भिस्त ठेवणेंही बरें नव्हे. येथें काम स्वतःच बोलतें. कच्छच्या कामांत वळणावळणांनीं पसरलेली दाट वेलबुट्टी दिसते आणि तिच्यांत मधूनमधून पशुपक्षी लपलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील भूजचे उमरशी मावजी या कामांत अग्रगण्य होते, ‘ओ. एम. भूज’ ही त्यांची छाप. मद्रासच्या भांड्यांवर देवदेवतांच्या मूर्ती ठसठशीत उठावांत असतात, म्हणून त्या कामास ‘स्वामी’ हें नांव पडलें. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स यांची त्यासाठीं ख्याति होती. काश्मिरी कामावर चिनाराचीं पानें, तर लखनौच्या कामावर ताडाचीं झाडें व शिकारीचे देखावे आढळतात.

यानंतर हात आणि डोळे यांची परीक्षा. पत्रा ठोकून उठविलेल्या कामाची आंतली बाजू पाहावी. बाहेरचें फूल आंत खळगा होऊन दिसतें. सांच्यांतील काम बहुधा एकासारखें एक असतें. हातच्या कामांत दोन पानें तंतोतंत जुळत नाहींत. छापेच्या जागीं तोंडाची वाफ सोडून पाहावी. दुसऱ्या भांड्याचा छाप असलेला तुकडा डाग देऊन बसविला असेल, तर सांधा दिसूं शकतो. करडे ठिपके शिशाच्या ओबडधोबड दुरुस्तीचे असूं शकतात, आणि त्यांनीं किंमत उतरते. जुनें नांव घासून काढल्यास तेथील पत्रा बोटाखालीं पातळ लागतो.

आतां किंमतीचा हिशेब. ९२५ कसाच्या १००० ग्रॅम भांड्यांत ९२५ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या भावानें येणारी रक्कम ही केवळ पायरी होय. मात्र पुष्कळ मेणबत्तीदाण्यांच्या बुडांत जडपणासाठीं राळ भरलेली असते. तिचें वजन चांदींत धरूं नये. त्या पायरीवर घडणावळ, कारागिराचें नांव, संचाची पूर्णता आणि भांड्याची स्थिति हे चढत्या किंमतीचे मजले उभे राहतात. चहादाणी, दूधदाणी व साखरदाणी भावाभावांत एकेक करून वांटल्या, तर तिघांचेंही नुकसान होतें. कोरलेलें नांव, जुनी पावती, भांडें दिसत असलेलें छायाचित्र, हीं सारीं जपावीं. कारण वस्तूचा पूर्वेतिहास त्यांवरून सिद्ध होतो. विकण्यापूर्वीं लखलखीत करण्याचा मोह टाळावा. यंत्रावरील पॉलिशानें नक्षीच्या धारा बोथट होतात आणि खोलगट जागींचा काळसरपणा, जो उठावास उठाव आणतो, तो निघून जातो.

एक कायदाही ध्यानांत ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमान्वयें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलास आजीचें तबक पाठविण्याचा बेत असेल, तर आधीं चौकशी करावी.

धातूचा कस सराफास विचारावा. कामाचा कस जुन्या कलावस्तूंच्या जाणत्यास विचारावा. दोघांचें म्हणणें ऐकेपर्यंत भांडें घरींच ठेवावें. विकण्याचा हक्क मालकाचा आहेच. परंतु आपण काय विकतों आहों हें त्याला ठाऊक असावें.