गाडी किती पळाली?



अमेरिकेत अ‍ॅपवर टॅक्सी चालवणाऱ्याला आयकरात एक सोय आहे. धंद्यासाठी गाडी जितके मैल पळाली, तितक्यांना ठरलेला दर लावायचा आणि ती रक्कम उत्पन्नातून वजा करायची. २०२५ साठी हा दर मैलाला ७० सेंट होता. इंधन, टायर, विमा, गाडीची झीज, सगळं त्यात आलं. मग जळगाव स्टेशनबाहेर अजिंठ्याच्या पार्टीची वाट पाहणारा आपला गाडीवाला विचारतो, आमच्याकडे असं काही आहे का?

नाही. आपल्याकडे किलोमीटरचा दर नाही.

बहुतेकांना ठाऊक असते ती वाट जुन्या आयकर कायद्यातल्या कलम ४४ एडीची. वर्षभराच्या भाड्याचे ८ टक्के, आणि यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेचे ६ टक्के, एवढा तरी नफा धरायचा. वह्या ठेवायची सक्ती नाही. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, एवढंच. मालट्रकवाल्यांचा नियम वेगळा आहे. काळीपिवळीवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

पण गंमत पाहा. सहा लाखांचं भाडं, सगळं यूपीआयवर. सहा टक्क्यांनी नफा झाला ३६ हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार! एवढ्यात घर चालतं का, भाऊ? कायदा म्हणतो, खरा नफा जास्त असेल तर तो दाखवा. आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. मग कमी दाखवून साधलं काय? पुढची गाडी घ्यायला बँकेत गेलात की साहेब तेच आयकर विवरणपत्र पुढे ठेवतात. उद्या देव न करो, अपघात झाला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यातही कमाईचा पुरावा म्हणून विवरणपत्रच पाहिलं जातं.

खरा नफा काढायचा तर खर्च लिहावा लागतो. डिझेल, टोल, विमा, पासिंग, गॅरेजचं बिल. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीला घसारा ३० टक्के. इतर मोटारींना साधारण १५. हप्त्यातलं मात्र फक्त व्याज खर्चात धरतात, मुद्दल नाही. पुष्कळ जण अख्खा हप्ता खर्चात टाकून मोकळे होतात.

किलोमीटरची वही उपयोगी पडते ती इथे. अजिंठ्याला पार्टी सोडून गाडी रिकामी परतली, तरी तो फेरा धंद्याचाच. चैत्रात घरच्यांना सप्तशृंगीला नेलंत, ते डिझेल मात्र धंद्याचं नाही. गाडी घरालाही वापरली तर घसारासुद्धा त्या प्रमाणात कमी होतो. म्हणून सकाळी स्टार्टर मारण्याआधी आणि रात्री गाडी लावल्यावर मीटरचा आकडा लिहायचा, शेजारी कुठून कुठे आणि भाडं किती. शंभर पानी वही पुरते. पंपाच्या पावतीची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते. तिचा मोबाइलवर फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.