प्रोग्रॅमर मंडळींची थट्टामस्करी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांच्या मनात आले असेल, की वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हा काय पोरखेळ! येथे वेदान्तावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे. आणि आम्ही मात्र संगणकाच्या धंद्यातील मंडळी आपापसांत थट्टामस्करी कशी करतात, हे सांगावयास उभे राहिलो आहो. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला, तो लोकांना चालू काळाची ओळख व्हावी म्हणूनच. आणि चालू काळ तर आपल्या घरांतच येऊन बसला आहे. येथे जमलेल्यांपैकी कित्येकांचे मुलगे, मुली, सुना, जावई या धंद्यात आहेत. कोणी हिंजवडीला, कोणी बंगळुरास, कोणी अमेरिकेत. घरी आल्यावरही त्यांचे पडद्यावर पलीकडच्या कोणाशी तरी चाललेलेच असते. कोडमधला एखादा पेच, मध्येच निवडणुकीची बातमी, तिच्यावर टोला, टोल्यावर प्रतिटोला, आणि पुन्हा कोड! वडीलधाऱ्यांचा प्रश्न असा, की ही मंडळी काम करतात तरी केव्हा?

आमचे उत्तर असे आहे, की हे बोलणे त्यांच्या कामाचाच एक भाग आहे. आणि ते कोणत्या वृत्तीने चालते, यावर तुमची आमची सुरक्षितता काही अंशी अवलंबून आहे. विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून दाखल्यांनिशी सांगतो.

प्रथम या धंद्याचा स्वभाव पाहा. कारकुनाला साहेबाने अर्धवट सांगितले तरी तो मनातले ओळखून पत्र पुरे करतो. संगणक मनातले ओळखत नाही. लिहिले असेल तेवढेच करतो. एक चिन्ह चुकले, शून्यापासून मोजावयाचे ते एकापासून मोजले, की गाडे अडलेच. मोठमोठ्या पंडितांनाही दिवसातून अनेकदा स्वतःची चूक स्वतःच हुडकावी लागते. ज्याला रोज आपल्या चुकीचे तोंड पाहावे लागते, त्याला हसता आले नाही तर तो टिकणार कसा?

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क टू या यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत एडिसनच्या काळापासून चालत आली होती. त्या मंडळींनी तो पतंग नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी शेरा मारला, की खराखुरा किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग! ती वही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. ‘बग’ हा शब्द या पतंगावरून निघाला असे पुष्कळजण सांगतात, ते खरे नव्हे. शब्द आधीचा होता, म्हणून तर विनोद साधला. पण आम्हांला त्यात मोलाचे वाटते ते दुसरेच. दोष सापडला तो दडविला नाही, कोणाच्या माथी मारला नाही. तारीखवार वहीत नोंदला आणि सर्वांनी मिळून हसून घेतले. या धंद्याची उत्तम परंपरा ती हीच.

आता वादाचा एक दाखला घेऊ. मोठी संख्या यंत्राच्या स्मृतीत तुकड्यातुकड्यांनी साठवावी लागते. मोठ्या किमतीचा तुकडा आधी ठेवावा, की लहान किमतीचा? आपल्याच घरचे उदाहरण पाहा. २५ हा आकडा लिहिताना आपण आधी दोन लिहितो. बोलताना मात्र ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस मागून. इंग्रज बोलतानाही वीसच आधी म्हणतो. दोन्ही रीतींनी व्यवहार बिनचूक चालतो. घोटाळा होतो तो एकाने एका रीतीने सांगावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहून घ्यावे तेव्हा. मग पंचवीसाचे बावन्न होतात!

यावरून यंत्रे बांधणाऱ्यांत कडाक्याचे तट पडले. तेव्हा १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने एक टिपण लिहिले आणि त्याच्या मथळ्यातच धर्मयुद्धाचा उल्लेख करून शांततेची याचना केली. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हरच्या सफरीं’त अंडे मोठ्या टोकाने फोडावे की लहान टोकाने, यावरून लढाया होतात, स्विफ्टने ती थट्टा आपल्या काळच्या धर्मपंथांवर आणि राजकारणावर केली होती. कोहेनने ‘मोठ्या टोकाचे’ आणि ‘लहान टोकाचे’ हीच नावे या तटांना दिली, आणि सांगितले, की कोणते टोक यापेक्षा सर्वांचे एकमत होणे महत्त्वाचे. दिवस एप्रिल फूलचा, पण आतला मजकूर अस्सल शास्त्रीय. ती नावे पुढे पाठ्यपुस्तकांत गेली. तट अजून आहेत. इंटरनेटचे नियम मोठे टोक आधी मानतात, टेबलावरची बहुतेक यंत्रे लहान टोक आधी मानतात. पण वेशीवर फेरफार करून घ्यावयाचा, हे सर्वांनी पत्करले आहे. स्वतःवर हसता आले, म्हणून वाद मिटला नाही तरी काम अडले नाही.

इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले जातात, त्यांचे नावच मोठे नम्र आहे. पहिला कागद ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या कॅलिफोर्नियातील पदवीधर विद्यार्थ्याने लिहिला. आपण पोरेटोरे, हुकूम सोडल्यासारखे दिसू नये, म्हणून त्याने त्याला ‘अभिप्रायांची विनंती’ असे नाव दिले. आज असे कागद नऊ हजारांवर गेले आहेत आणि जगाचे दळणवळण त्यांवर चालते; नाव मात्र विनंतीचेच. त्याच मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी एक कागद निघाला, की संगणकाचे संदेश कबुतरांच्या पायांना बांधून कसे पाठवावेत! भाषा अगदी सरकारी गॅझेटची. अकरा वर्षांनी, एप्रिल २००१ मध्ये, नॉर्वेतील बर्गन शहराच्या काही हौशी मंडळींनी तो प्रयोग खरोखर केला. नऊ संदेश पाठविले, चार उत्तरे परत आली. त्यांतील सर्वांत चपळ उत्तराला सुमारे त्रेपन्न मिनिटे लागली. हा वेडेपणा कशासाठी? जो नियम आपण गंभीरपणे लिहितो तो शब्दशः पाळला तर काय होते, हे पारखण्याची ही रीत आहे. कबुतरांकडूनही जो नियम पाळवून घेता येतो, तो नियम नीट लिहिला गेला आहे खास!

येथवर थट्टेचे गुण गायिले. आता तिचे धोके सांगितले पाहिजेत.

१९८२ च्या सप्टेंबरात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील मंडळी आपल्या संगणकावरील सूचनाफलकावर पदार्थविज्ञानाचा एक पेच सोडवीत होती. लिफ्टचा दोर तुटून ती खाली कोसळू लागली, तर आत ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाचे आणि पेटत्या मेणबत्तीचे काय होईल? कोणी गमतीने सूचना लावली, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, सावध राहा. काहींना ते खरेच वाटले. समोरासमोर बोलताना डोळे मिचकावता येतात, आवाज बदलता येतो. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. मग चर्चा सुरू झाली, की थट्टेला काही खूण असावी. १९ सप्टेंबर रोजी प्राध्यापक स्कॉट फालमन यांनी सुचविले, की कोलन, आडवी रेघ आणि कंस एकापुढे एक लिहावेत. मान डावीकडे कलती करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. आज आजीबाईसुद्धा नातवाला पिवळे हसरे तोंड पाठवितात, त्याचा हा एक मूळपुरुष. मूळ मजकूर हरवला होता. तो २००२ साली जुन्या चुंबकीय फितींतून शोधून काढण्यात आला. गैरसमज होऊ नये ही जबाबदारी थट्टा करणाराची, असे त्या मंडळींनी मानले. ही जाण फार मोलाची.

राजकारण या मंडळींच्या बोलण्यात आगंतुक आहे काय? नाही. १९९० च्या दशकात अमेरिकी कायद्याने गुप्तलेखनाचे बळकट सॉफ्टवेअर निर्यातीपुरते युद्धसामग्रीत, म्हणजे तोफाबंदुकांच्या पंक्तीत बसविले होते. प्रोग्रॅमरांनी काय करावे? तसले कोड चारदोन ओळींत आखडून सदऱ्यावर छापले. सदरा घालून विमानात बसणारा शस्त्रांची चोरटी निर्यात करतो काय, हा प्रश्न त्या सदऱ्याने सरकारला विचारला. १९९५ साली तर पीजीपी नावाच्या अशाच प्रोग्रॅमचे सबंध कोड पुस्तकरूपाने छापण्यात आले, कारण पुस्तक परदेशी धाडण्यास बंदी नव्हती. २००० च्या जानेवारीत ते निर्बंध पुष्कळच सैल झाले. त्याला कारणे अनेक होती. परंतु कायद्यातली विसंगती चव्हाट्यावर मांडण्याचे काम त्या सदऱ्याने चोख बजावले, आणि तेही कोणाच्या केसाला धक्का न लावता.

याच्या उलट मार्च २०२२ मध्ये घडले. युक्रेनच्या युद्धाचा निषेध म्हणून एका प्रोग्रॅमरने, असंख्य लोक विनामूल्य वापरीत असलेल्या आपल्या प्रोग्रॅममध्ये, रशिया व बेलारूस येथील यंत्रांवरच्या फायली पुसून टाकणारे कोड घुसविले. हेतू कसाही असो. ज्याच्या फायली गेल्या तो युद्धाच्या बाजूचा होता की विरुद्ध, हे कोडला काय ठाऊक! सदरा घालणाराने आपले म्हणणे उघड मांडले होते. याने दुसऱ्याच्या विश्वासाचा हत्यारासारखा उपयोग केला. राजकारण बोलण्यात आले तर वाद होतो. ते चोरपावलांनी कामात शिरले तर विश्वासघात होतो.

शेवटचा दाखला सर्वांत गंभीर आहे. फायली आटोपशीर करणारा एक्सझेड नावाचा लहानसा प्रोग्रॅम जगातील अगणित यंत्रांत असतो. तो फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन, हौसेखातर सांभाळीत होते. २०२२ साली त्यांच्याकडे तगाद्याची पत्रे येऊ लागली. काम रेंगाळले आहे, तुम्हांला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. गृहस्थांनी लिहिले, की प्रकृतीच्या तक्रारी आहेत आणि हे बिनपगारी काम आहे. टोचणी थांबली नाही. जिया टॅन या नावाने वावरणारी एक व्यक्ती मोठ्या सौजन्याने मदत करीत होती. हळूहळू कारभार तिच्या हाती गेला. आणि २०२४ च्या आरंभी त्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसविला गेला, ज्यातून परक्या यंत्रांत शिरता यावे. तगादा लावणारी ती नावेही बनावटच होती, असा जाणकारांचा तर्क आहे. अनर्थ टळला तो आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरमुळे. आपल्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांना शंका आली. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो सर्वांपुढे ठेवला.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. चोराने कुलूप फोडले नाही. त्याने पहारेकऱ्याला टोमणे मारून मारून थकविले. हे साधले कशामुळे? उद्धट तगादा तेथे कोणाला वावगा वाटला नाही म्हणून. फुकट वापरावयाचे आणि वर करणाऱ्यालाच खडसावयाचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली होती, की बनावट उद्धटपणा खऱ्यात सहज मिसळून गेला. याच धंद्यातील लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या तिखट लेखणीने सहकारी दुखावले गेल्याची जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून रजा घेतली होती. एवढ्या मोठ्या माणसाला जे उमगले ते अजून सर्वांना उमगलेले नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. चुकीवर हसणारी थट्टा दोष उजेडात आणते. माणसावर हसणारी थट्टा दोष लपवावयास लावते. ज्या बैठकीत नवख्याला बाळबोध प्रश्न विचारण्याची लाज वाटते, तेथे अर्ध्या सेकंदाची शंका कोण बोलून दाखविणार? घरी तुमची मुलगी किंवा जावई पडद्यासमोर हसताना दिसले, तर काम सोडून हसता म्हणून रागावू नका. एवढेच विचारा, की तुमच्यात नवीन आलेला चुकतो तेव्हा त्याच्याबरोबर हसता, की त्याला हसता? आणि ज्या विनावेतन माणसाच्या कामावर तुमचा धंदा चालतो, त्याला आभाराच्या दोन ओळी शेवटच्या कधी लिहिल्या होत्या?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर त्यांना खुशाल हसू द्या.