छताचे पाणी आणि समाजाचे पाणी



राजस्थानातील जोधपूर शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३६० मिलिमीटर पाऊस पडतो. १४५९ साली वसलेले हे शहर शतकानुशतके जगले, ते घरोघरच्या छतांवर विसंबून नव्हे. मेहरानगडच्या खडकाळ टेकडीवरील पाणी राणीसर व पदमसर या तलावांत उतरविलेले होते. पठारांवरून दगडी पाट काढलेले होते. झिरपलेल्या पाण्यावर बावड्या आणि झालरे भरत. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील जातीची उतरंड मात्र विसरता येणार नाही. खोदणाऱ्या हातांना पाणवठ्यावर समान हक्क नव्हता.

गेल्या शतकाच्या अखेरीस इंदिरा गांधी कालव्याचे पाणी उपसा योजनेद्वारे शहरात आले. त्याने शहराची तहान भागली, हे निर्विवाद आहे. पण त्याबरोबर जुने जलाशय उपेक्षित झाले. दगडखाणींनी आणि बांधकामांनी पाट तोडले. बावड्यांचा उपसा थांबला, गळती चालू राहिली. परिणामी जुन्या शहरात भूजल वर चढून तळघरांत शिरू लागले. दुसरीकडे दुरुस्तीसाठी कालवा बंद होताच उन्हाळ्यात पाणीकपात ठरलेली. वाळवंटातील एकाच शहरात तळघरे ओली आणि हंडे कोरडे, ही निसर्गाची नव्हे, नियोजनाची करणी आहे.

यावर छतावरील पर्जन्यसंचयाचा उपाय सुचविला जातो. हिशेब करून पाहावा. शंभर चौरस मीटर छतावर सरासरी वर्षात ३६,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २८,८०० लिटर उरते. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज ७५ लिटर धरले, तर ते वर्षभर पुरते. मात्र पाऊस मोसमी असल्याने त्यासाठी वीस-पंचवीस घनमीटरांची टाकी बांधावी लागते. उपाय खरा आहे. पण तो छत, अंगण आणि भांडवल असणाऱ्यांचा आहे. पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या खाणमजुराने कोणते छत धुवावे?

म्हणून छतसंचयाला विरोध न करता आपली मागणी त्यापलीकडची असली पाहिजे. पाणलोट क्षेत्रे सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखावीत, तेथील खाणी व अतिक्रमणे हटवावीत, खाणमजुरांना पर्यायी काम द्यावे, वस्त्यांतून सामायिक टाक्या सरकारी खर्चाने बांधाव्यात, आणि बावड्यांचा उपसा पुन्हा सुरू करून ते पाणी धुण्याला, बागांना व बांधकामाला वापरावे. पाऊस सर्वांवर सारखा पडतो. साठा मात्र मालकीप्रमाणे होतो. ही मालकी बदलण्याचे काम राजकारणाचे आहे.