उशाशी पोहोचणारा आवाज

(जालना औद्योगिक वसाहतीत उद्योजक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जालना एमआयडीसीचे नाव निघाले की पोलादाच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि बियाण्यांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. या भट्ट्यांवर परप्रांतांतून आलेले कामगारही राबतात. त्यांपैकी एखादा हात भाजून रुग्णालयात पडला, अथवा मंठा-घनसावंगीकडील एखाद्या वृद्धेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली, तर औषधोपचार मिळतो. पण दिवसाचे रिकामे तास जाता जात नाहीत. स्वयंसेवकांनी चालविलेली रुग्णालयीन नभोवाणी हे या तासांसाठीचे काम आहे.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्कच्या रुग्णालयात १९२५ साली सुमारे २०० खाटांपाशी हेडफोन बसविण्यात आले. पुढे त्या देशात अनेक रुग्णालयांत स्वयंसेवकांचे स्टुडिओ उभे राहिले. आपल्याकडे १९५६ साली पुणे आकाशवाणीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापून, ऐकणाऱ्यालाही बोलते करता येते, हे दाखविले. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र ग्रामीण स्त्रियांचा आवाज ऐकवीत आले आहे. ही दोन उदाहरणे रुग्णालयातील नव्हेत. परंतु आपल्या परिसराचा आवाज आपल्या माणसांना हवा असतो, ही गोष्ट त्यांतून सिद्ध होते.

मोबाइल असताना हे कशाला, असे कोणी विचारील. डोळ्यांवर पट्टी आणि हाताला प्लास्टर असलेल्या माणसाला मोबाइल चालविता येत नाही. शिवाय, उद्या सकाळी कोणता डॉक्टर कोठे तपासणार, केसपेपर कोठे मिळणार, हे मोबाइलवरील गाणे सांगत नाही. तेच भोजपुरीत किंवा हिंदीत सांगितले, तर परक्या मुलखात आजारी पडलेल्या माणसाला किती धीर येईल!

आता साधनांविषयी. माझे मुख्य सांगणे एवढेच की, खर्चाची सुरुवात रुग्णाच्या उशापासून करा आणि स्टुडिओकडे मागे या. बहुधा उलट घडते. किमती मिक्सरची पूजा होते आणि खाटेजवळचा हेडफोन मुका राहतो.

रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. तेथील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. म्हणून वॉर्डात लाउडस्पीकर नकोतच. हेडफोन हवेत, प्रत्येकाला आवाज कमी-अधिक करण्याची कळ हवी आणि रुग्ण बदलला की हेडफोनचे आवरणही बदलले पाहिजे. बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षागृहात मंद आवाजाचे लाउडस्पीकर चालतील. समजा, तेथे प्रत्येकी ६ वॅटचे १० लाउडस्पीकर आहेत. त्यांना ६० वॅट लागतात. चौथा हिस्सा राखीव धरला, तर अँप्लिफायर ७५ वॅटहून कमी नसावा. तारा लांबवर न्यावयाच्या असतील तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत घ्यावी. तीत तारांतील शक्तिव्यय कमी होतो. या तारा विजेच्या वायरिंगपासून दूर ठेवल्या आणि अर्थिंग नीट केले, म्हणजे गुणगुण येत नाही.

त्यानंतर खोली. रस्त्यापासून व जनरेटरपासून दूरची लहान खोली निवडावी. जाड पडदे, पुस्तकांची कपाटे, भिंतीवर वाकळा आणि दाराच्या फटीला रबरी पट्टी एवढ्याने बराच घुमारा व गोंगाट आवरतो. मायक्रोफोन डायनॅमिक जातीचा घ्यावा. त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नाही, तो धक्के सोसतो आणि जवळून बोलल्यास बाहेरचा आवाज कमी टिपतो. मिक्सर, संगणक आणि वीज गेल्यावर काम चालू ठेवणारा इन्व्हर्टर यांचा क्रम त्यानंतरचा.

वायुलहरींवर प्रसारण करावयाचे तर केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो; २००६ पासून स्वयंसेवी संस्थाही सामुदायिक नभोवाणीसाठी तो मागू शकतात. आवारापुरते तारेवरून ऐकवावयाचे असेल, तर प्रक्षेपक नको आणि मनोराही नको. प्रारंभ येथूनच करावा.

यंत्रांहून नाजूक बाब शिस्तीची आहे. रुग्णाचे नाव वा आजार त्याच्या संमतीवाचून उच्चारू नये. आरोग्यविषयक मजकूर डॉक्टरांनी तपासल्यावाचून ऐकवू नये. कोणता हेडफोन केव्हा बंद पडला आणि कोणी दुरुस्त केला, याची नोंदवही ठेवावी. दर आठवड्याला एका स्वयंसेवकाने खाटोखाटी फिरून ऐकू येते की नाही, हे स्वतः पाहावे.

उद्योजकांनी यंत्रांबरोबर दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम आणि महिन्यातून एक दिवस आपला इलेक्ट्रिशियन द्यावा. शिक्षकांनी वाचणारी मुले-मुली तयार करावीत. पंचायत सदस्यांनी गावची खबरबात, पिकापाण्याची हकीकत आणि भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे पाठवावीत. खाटेवर पडलेल्या माणसाला आपल्या गावी पाऊस झाला हे ऐकू आले, तर त्या दिवशी आपला स्टुडिओ खऱ्या अर्थाने सुसज्ज झाला, असे मी मानीन.